प्रकल्प नोंदी: सदाफुलीचं पान आणि शेवटच्या दोन पायऱ्या

४ फेब्रुवारी २०२५

आजपासून वही सुरू. मॅडम म्हणाल्या जे जमलं तेपण लिही आणि जे बिघडलं तेपण, बिघडलेलंच जास्त नीट लिही, पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच कामाला येतं.

विषय फायनल झाला, सदाफुली. आधी माझ्या डोक्यात सर्पगंधा होती पण तिची मुळं लागतात आणि जंगलातून मुळं उपटून आणायची तर झाडच जातं, आधीच ती कमी राहिलीय, म्हणून मनाला पटलं नाही. सदाफुलीचं तसं नाही, जळगावात गल्लीत कुठेही बघा, ओट्यावर, डालड्याच्या जुन्या डब्यात, गटारीच्या कडेला सिमेंटच्या फटीत. मे महिन्यात ४५ डिग्रीत सगळं करपतं, तुळससुद्धा माना टाकते पण हिला फुलं असतातच. आमच्या गावी घराच्या मागे वीसेक झाडं आहेत, दोन रंगांची, गुलाबी आणि पांढरी. शेळ्या मोकळ्या फिरतात पण एक शेळी तिला तोंड लावत नाही, लहानपणापासून बघतेय पण का ते कधी विचारलं नव्हतं. मूळची ती मादागास्करची, आपल्याकडे इतकी रुळली की कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

या एका झाडात १३० पेक्षा जास्त अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजन असलेली, बहुतेक कडू द्रव्यं, सापडलेत आणि त्यातली दोन, व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन, कॅन्सरच्या औषधात जातात. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिनक्रिस्टिन आजही देतात. पेशी दोन होताना आत जे धाग्यांसारखे मायक्रोट्यूब्यूल बनतात ते ही औषधं बनूच देत नाहीत. पण पानात हे इतकं कमी असतं की १ ग्रॅम व्हिनब्लास्टिनला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात आणि व्हिनक्रिस्टिनला २००० किलोच्या आसपास. कापसाच्या भाषेत सांगायचं तर पाच क्विंटल माल आणि हातात येणार चिमूटभर. इतकं कमी का, ह्याच्यामागेच मला जायचंय.

९ फेब्रुवारी

दिवसभर पाथवेचा, म्हणजे झाड ही औषधं कुठल्या पायऱ्यांनी बनवतं त्याचा, तक्ता काढला. दोन कार्डशीट चिकटवून हॉस्टेलच्या भिंतीवर लावला, तरी जागा पुरली नाही.

मला जसं समजलं तसं लिहिते. दोन बाजूंनी माल येतो. एका बाजूला ट्रिप्टोफॅन, हे साधं अमिनो ॲसिड, त्यातला कार्बन डायऑक्साइड टीडीसी नावाचं एन्झाइम काढून टाकतं आणि ट्रिप्टामिन होतं. दुसऱ्या बाजूला सेकोलोगॅनिन, ते टर्पिनच्या लाईनमधून येतं. एसटीआर हे एन्झाइम दोघांना जोडतं की झालं स्ट्रिक्टोसिडिन आणि सगळी १३० अल्कलॉइड इथूनच फुटतात, एका खोडाला फांद्या फुटाव्यात तशी. पुढे एक फांदी कॅथरॅन्थिनकडे जाते, दुसरी टॅबरसोनिनकडे आणि टॅबरसोनिनपासून सात पायऱ्या चढल्या की व्हिंडोलिन. कॅथरॅन्थिन आणि व्हिंडोलिन जोडले की व्हिनब्लास्टिनचं कुटुंब. त्या सातही पायऱ्यांचे जीन माहीत व्हायला २०१५ उजाडलं, आणि कॅथरॅन्थिन-टॅबरसोनिनकडे नेणारी मधली हरवलेली एन्झाइम तर २०१८ मध्ये सापडली. व्हिनब्लास्टिन सापडून तेव्हा साठ वर्षं झाली होती!

आणि मला सगळ्यात भारी काय वाटलं तर हे सगळं एका पेशीत होत नाही. सेकोलोगॅनिनच्या सुरुवातीच्या पायऱ्या शिरांमध्ये फ्लोएमला, म्हणजे अन्न वाहणाऱ्या नळ्यांना, चिकटलेल्या पेशींत, नंतरचं काम पानाच्या कातडीत म्हणजे एपिडर्मिसमध्ये, व्हिंडोलिनची सातातली एक पायरी हरितलवकात, आणि शेवटच्या दोन, डी४एच आणि डीएटी, ह्या इडिओब्लास्ट आणि लॅटिसिफर नावाच्या वेगळ्याच पेशींत. म्हणजे माल एका पेशीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत हातोहात चाललाय, प्रत्येक दाराशी कुणीतरी आत घेणारा लागतो आणि कुणीतरी बाहेर देणारा.

एका पेशीच्या आतपण तसंच. स्ट्रिक्टोसिडिन बनतं व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, आणि त्याची साखर तोडणारं एन्झाइम, एसजीडी, बसलेलं असतं न्यूक्लियसमध्ये. पान शाबूत आहे तोवर दोघं लांब. किड्याने पान चावलं की पेशी फुटते, दोघं एकत्र येतात, साखर तुटते आणि जे तयार होतं ते इतकं रिॲक्टिव्ह की प्रोटीनला प्रोटीन चिकटवून टाकतं. शेळी का तोंड लावत नाही ह्यातलं थोडंतरी उत्तर इथे असणार. कडूपण तर आहेच.

१६ फेब्रुवारी

गावी आले पानं आणायला. आजी ओट्यावर बसलेली, मला पानं खुडून पिशवीत भरताना बघून, "काय करी ऱ्हायनी व माय?" सांगितलं की कॉलेजात लागतात. तर म्हणे मी तर रोज सकाळी दोन पानं चावते, शुगर कमी होते.

मला धस्स झालं. शुगरच्या गोळ्या चालू आहेत तिच्या आणि वरून हे, आणि घरात कुणाला माहीतच नाही. मी म्हटलं आजी ह्यात पेशी मारणारं औषध आहे, ते दवाखान्यात मोजून शिरेतून देतात, दोन पानांत किती गेलं कुणाला कळणार. ती म्हणे "कडू शे म्हनीसनच ते औषध शे". मग मी तिला ती कॅनडाची गोष्ट सांगितली. १९५२ साली रॉबर्ट नोबल म्हणून एक डॉक्टर संशोधक, त्याच्या भावाने त्याला जमैकाहून आलेली ह्याच झाडाची पानं पाठवली, कारण तिथेपण लोक शुगरसाठी ह्याचा काढा पीत होते. त्यांनी उंदरांवर करून बघितलं, शुगरला काही फरक नाही, पण अर्क टोचल्यावर उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. त्यावरूनच नोबल आणि चार्ल्स बीअर ह्यांनी व्हिनब्लास्टिन वेगळं काढलं, १९५८ मध्ये जगापुढे आलं. आजीने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं "पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर काय होतं?" म्हटलं ताप, इन्फेक्शन, अंगातली ताकदच जाते. बराच वेळ काही बोलली नाही. निघताना माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, नाही खात उद्यापासून. काकूला सांगून आलेय लक्ष ठेवायला.

२२ फेब्रुवारी

पहिला प्रयोग, क्लोरोफॉर्म डिप. आयडिया साधी आहे. २०१० मध्ये एक पेपर आला होता, त्यांनी अख्खी पानं क्लोरोफॉर्ममध्ये बुडवली, चिरली नाहीत, वाटली नाहीत, तर जवळजवळ सगळं कॅथरॅन्थिन त्या क्लोरोफॉर्ममध्ये आलं आणि व्हिंडोलिन पानातच राहिलं. त्यांचं म्हणणं, कॅथरॅन्थिन पानाच्या वरच्या मेणात असतं आणि व्हिंडोलिन आत. दोन अर्धे दोन खोल्यांत, भेटणार कसे, म्हणून व्हिनब्लास्टिन कमी. मला हे इतकं आवडलं की कधी करते असं झालं होतं.

शेंड्यापासून तिसऱ्या जोडीची पानं, २ ग्रॅम, २० मिली क्लोरोफॉर्म, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. तासाभरासाठी ठेवलं आणि तेवढ्यात खाली ऑफिसात परीक्षेच्या फॉर्मची लाईन लागली म्हणून गेले, यायला अडीच तास झाले. बीकरमधलं क्लोरोफॉर्म पोपटी हिरवं झालेलं. हिरवं म्हणजे क्लोरोफिल बाहेर आलं, म्हणजे क्लोरोफॉर्म आत शिरलं, म्हणजे पृष्ठभाग वगैरे काही राहिलं नाही. फेकून दिलं. चूक माझी, टायमर लावून जायला पाहिजे होतं, निदान लॅब सांभाळणाऱ्या मामांना तरी सांगायला पाहिजे होतं.

२७ फेब्रुवारी

महाशिवरात्रीची सुट्टी काल संपली, आज परत. यावेळी खुर्ची टाकून समोरच बसले, बरोबर ६० मिनिटं. क्लोरोफॉर्म किंचित पिवळसर पण हिरवं नाही. पानं बाहेर काढून टिपकागदावर वाळवली, मग खलात मिथेनॉलमध्ये वाटली, पुढे नेहमीचं ॲसिड-बेस: पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये घेतलं, गाळलं, अमोनियाने पीएच १० वर आणून परत क्लोरोफॉर्ममध्ये ओढलं.

टीएलसी, म्हणजे प्लेटवर अर्कातली द्रव्यं वेगवेगळ्या ठिपक्यांत पसरवून बघणं. स्टँडर्ड, म्हणजे ताडून बघायचे शुद्ध नमुने, दोन्ही मॅडमच्या मैत्रिणीने पुण्याहून दिलेले, एपेनडॉर्फच्या छोट्या नळीच्या तळाला दिसतील न दिसतील इतके. एक एक केशनळी लावताना हात थरथरत होता कारण परत मिळणार नाहीत. अल्कलॉइडला रंग आणणारं ड्रॅगेनडॉर्फ फवारलं. पिवळ्या प्लेटवर नारिंगी ठिपके हळूहळू उमटायला लागले. डिपच्या लेनमध्ये कॅथरॅन्थिनच्या समोरासमोर ठसठशीत ठिपका आणि व्हिंडोलिनच्या जागी काहीच नाही. वाटलेल्या पानाच्या लेनमध्ये उलटं, व्हिंडोलिन ठळक, कॅथरॅन्थिन अगदी फिकं.

फोटो काढून लगेच मॅडमना पाठवला. ड्रॅगेनडॉर्फचा रंग उडतो, त्यामुळे पेन्सिलने ठिपक्यांभोवती गोल पण काढून ठेवलेत.

६ मार्च

मॅडमनी फोटो बघून छान म्हटलं आणि सोबत दोन पेपर पाठवले, म्हणाल्या हे वाच आणि मग मला सांग तुझी प्लेट काय दाखवते.

वाचून दोन दिवस डोकं जड झालंय. २०१६ मध्ये जपानी टीमने एकेका पेशीत बारीक सुई घालून आतला रस काढून मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे वजनावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर, बघितला, तर खोडातलं कॅथरॅन्थिन त्यांना इडिओब्लास्ट आणि लॅटिसिफर पेशींतच सापडलं. आणि २०२३ चा पेपर तर पानावरचा, पेशी सुट्ट्या करून एकेकीत कुठले जीन चालू आहेत ते बघितलं, आणि वेगळ्या काही पेशींत एकेकीत कुठला माल भरलाय तेपण. त्यात कॅथरॅन्थिन आणि व्हिंडोलिन दोघंही इडिओब्लास्टमध्ये, एकाच पेशीत, तेही भरपूर.

म्हणजे ते दोन खोल्यांचं चित्र, ज्याच्यावर मी भाळले होते, ते असं सरळ नाहीये. दोघं एकाच खोलीत असतील तर मग व्हिनब्लास्टिन इतकं कमी का? मग अडचण भिंतीची नाही, जोडण्याच्या पायरीची असू शकते, जोडणारं पेरॉक्सिडेज त्याच पेशीत त्याच वेळी पुरेसं नसेल, किंवा ते व्हॅक्युओलच्या अशा कप्प्यात नसेल जिथे हे दोघं आहेत. आणि माझ्या प्लेटवर डिपमध्ये फक्त कॅथरॅन्थिन का आलं? क्लोरोफॉर्म तासाभरात आत शिरलं असेल आणि कॅथरॅन्थिन त्यात पटकन विरघळून आलं असेल, व्हिंडोलिन मागे राहिलं असेल. हिरवं झालं नाही म्हणजे आत गेलंच नाही, हे मी गृहीत धरलं होतं. त्याला पुरावा काहीच नव्हता.

१२ मार्च

वेळेचा प्रयोग. कॅथरॅन्थिन खरंच मेणात असेल तर मेण विरघळायला सेकंद पुरतात, तेवढ्यातच ते यायला पाहिजे. तर १० सेकंद, ३० सेकंद, ५ मिनिटं, २० मिनिटं, ६० मिनिटं. पाच बीकर, एकाच झाडाची, एकाच जोडीची पानं. मैत्रीण घड्याळ घेऊन उभी आणि मी चिमट्याने बुडवते-काढते.

१० आणि ३० सेकंद, काही नाही. ५ मिनिटं, असेल-नसेल असा डाग. २० ला आला. ६० ला ठळक. मेण मात्र १० सेकंदातच आलेलं, वाळवल्यावर काचेला पांढरा थर दिसत होता.

माझं मत आता असं झालंय की निदान माझ्या पानांत तरी कॅथरॅन्थिन आतून झिरपत येतंय. पण टीएलसीला अगदी थोडा माल दिसत नाही, हे धरूनच बोलायला पाहिजे, म्हणून ३० सेकंदाचे दहा डिप एकत्र आटवून परत लावणार. होळीनंतर.

१९ मार्च

दहा एकत्र आटवले. पुसटसा ठिपका. म्हणजे पृष्ठभागावर शून्य असं लिहिता येणार नाही, थोडं आहे, पण बहुतेक सगळं तिथेच आहे असंही नाही. रिपोर्टात हेच शब्द जातील.

२१ मार्च

दुसरा भाग, अंधारातली रोपं. हे जुनं आणि पक्कं काम आहे, १९८६ पासूनचं. अंधारात उगवलेल्या सदाफुलीच्या रोपात टॅबरसोनिन साठतं पण व्हिंडोलिन जवळपास बनत नाही. उजेडात आणलं की तेच टॅबरसोनिन व्हिंडोलिनमध्ये बदलतं, कारण शेवटची एन्झाइम, डी४एच आणि डीएटी, उजेड मिळाल्याशिवाय कामालाच लागत नाहीत. २०१९ मध्ये त्याची चावीपण सापडली, गाटा१ नावाचं प्रोटीन हे जीन चालू करतं आणि पिफ१ अंधारात त्याला दाबून ठेवतं.

बिया गोळा करणं हेच मोठं काम निघालं. शेंग पूर्ण वाळली की फुटते आणि बारीक काळ्या बिया मातीत विखुरतात, मग काही मिळत नाही. पिवळी पडायला लागली की दोऱ्याने कागदाची पुडी बांधून ठेवायची, हे आजीने सुचवलं, ती कांद्याच्या बियाण्याला असंच करायची.

पेट्रीडिशमध्ये ओला फिल्टर पेपर, वरून फॉइल, स्टोअररूमच्या कपाटात, माठाच्या शेजारी. तिथे बाहेरच्यापेक्षा बरंच गार असतं.

२ एप्रिल

पाडव्याहून आले तर पहिली बॅच वाया. कपाट कुणीतरी मोबाईलचा टॉर्च लावून उघडलेलं आणि दोन डिशची फॉइल बाजूला झालेली. कुणी सांगेल की दोन मिनिटाच्या उजेडाने काय होतं, पण रोपातलं उजेड ओळखणारं प्रोटीन, फायटोक्रोम, थोड्याशा लाल प्रकाशालापण जागं होतं, आणि टॉर्चच्या पांढऱ्या उजेडात लाल असतोच. अशा रोपांवर अंधार म्हणून लेबल लावणं मला जमणार नाही. नवीन बिया लावल्या, कपाटाला कुलूप, वर कागद: उघडू नये, रोपं आहेत.

१४ एप्रिल

रोपं आली. हिरव्या कागदाच्या बल्बखाली उघडून बघितलं. लांबच लांब, पांढरट देठ, वर दोन पिवळी दलं एकमेकांना मिटून, मान वाकलेली. अर्धी आज उजेडात काढली, अर्धी आतच.

१६ एप्रिल

४८ तास झाले. उजेडातली हिरवी, दलं उघडून सपाट. आता आरएनए, म्हणजे चालू असलेल्या जीनची प्रत, काढायचा.

लिक्विड नायट्रोजन आमच्याकडे नसतो, जनावरांच्या दवाखान्यातून आणला, तिथे कृत्रिम रेतनासाठी ठेवतात. छोटा जार गाडीवर मांडीत धरून मैत्रीण मागे बसलेली, बाहेर ४३ डिग्री आणि जारच्या तोंडातून पांढरा धूर, सिग्नलला लोक वळून वळून बघत होते. बर्फ ज्यूसवाल्याकडून, अर्धी लादी. खल आधी गार करून घेतला, रोपं टाकली, नायट्रोजन ओतला, कुटलं की कोरड्या पिठासारखी पूड, अंधारातल्यांची फिकी पिवळी आणि उजेडातल्यांची हिरवी. आरएनए वेगळा करणारं द्रावण, ट्रायझोल, घालेपर्यंत ती वितळता कामा नये, वितळली की आरएनए तोडणारी एन्झाइम जागी होतात आणि संपलं.

जेल अर्धं पळालं आणि लाईट गेली. एक तास वीस मिनिटं. बँड पसरले, तरी आरएनएचे दोन मुख्य बँड, २५एस आणि १८एस, ओळखू येतात इतपत आहेत. आमचा फ्रीझर मायनस वीसचा, त्याच्यावर भरवसा नाही, म्हणून रात्री साडेनऊपर्यंत थांबून सीडीएनए, म्हणजे आरएनएची टिकाऊ डीएनए-प्रत, आजच करून टाकला. मामा कुलूप लावायला थांबले माझ्यासाठी, त्यांना घरी जायला उशीर झाला.

१७ एप्रिल

पीसीआर, म्हणजे हव्या त्या जीनच्या भरपूर प्रती करून बघणं. डी४एच, डीएटी, आणि कंट्रोल म्हणून सगळीकडे चालू असणारा ॲक्टिन. बँड दोन्हीकडे! अंधारातपण डीएटी ठळक. क्षणभर वाटलं सगळ्या जुन्या पेपरांच्या उलट काहीतरी सापडलं. मग नो-आरटीची लेन बघितली, जिच्यात सीडीएनए बनवायचं एन्झाइम घातलंच नव्हतं, तिथेही बँड. म्हणजे सॅम्पलमध्ये जीनोमिक डीएनए आहे आणि मी जे बघतेय ते जीन आहे, जीन चालू आहे का ते नाही. जीन तर अंधारातल्या रोपातपण असणारच, तो कुठे जाणार. नको असलेला डीएनए तोडणारं एन्झाइम, डीएनेज, आता मागवलं.

२६ एप्रिल

डीएनेज आलं ते पाचव्या दिवशी, आईसपॅक कोमट. कंपनीला फोन केला, बदलून देतो म्हणाले, पण तोवर थांबता येत नाही. आधी एका फालतू डीएनएवर चालवून बघितलं, चालतंय. मग नवीन रोपांचा आरएनए, डीएनेज, सीडीएनए, पीसीआर, सगळं एका दमात सकाळी सहापासून, कारण दुपारी कूलर लावूनसुद्धा लॅबमध्ये उभं राहवत नाही.

नो-आरटी कोरी. ॲक्टिन सगळीकडे सारखं. डीएटी उजेडात ठळक, अंधारात फार निरखलं तर सावली. डी४एच उजेडात ठळक, अंधारात फिकं पण आहे. हे मला नोंदवून ठेवायचंय, डी४एच पूर्ण बंद नाहीये. त्यावर जुन्या कामात असं आलंय की डी४एच अनेक पातळ्यांवर ताब्यात ठेवलं जातं, आरएनए थोडा बनला तरी कामाचं एन्झाइम उजेडाशिवाय मिळत नाही. ते एन्झाइम ऑक्सिजन, लोह आणि २-ऑक्सोग्लुटारेट घेऊन काम करतं, त्याची ॲक्टिव्हिटी मोजायची तर वेगळीच तयारी लागते, आमच्याकडे ती नाही.

मॅडमना विचारलं, मग यीस्टमध्ये का नाही बनवत हे सगळं, तर त्यांनी २०२२ चं काम दाखवलं, डेन्मार्कच्या टीमचं. यीस्टच्या जीनोममध्ये ५६ बदल, त्यात झाडांचे वगैरे बाहेरचे ३४ जीन, तीस पायऱ्या, तेव्हा कुठे कॅथरॅन्थिन आणि व्हिंडोलिन बनलं, आणि त्यांची जोडणी तरीपण बाहेर, केमिकलनेच केली. ओट्यावरचं झाड हे सगळं गटारीच्या कडेला उभं राहून करतं.

१ मे

काल आखाजी, गावी होते. सांजोऱ्या, आमरस, गल्लीत मुली झोक्यावर गाणी म्हणत होत्या. आजीची शुगर तपासली, गोळ्यांवरच बरी आहे. तिने मागच्या झाडांपैकी पाच पांढरी झाडं माझ्यासाठी राखून ठेवलीत, शेंगांना पुड्या तिनेच बांधल्यात, एकूण एकतीस.

उद्या टीएलसी, अंधार आणि उजेडातल्या रोपांची, टॅबरसोनिन-व्हिंडोलिन बघायला. टॅबरसोनिनचं स्टँडर्ड अजून मिळालं नाही, त्यामुळे तो ठिपका नावाने लिहिता येणार नाही, फक्त व्हिंडोलिन दिसतं की नाही एवढंच.

३ मे

अंधार: व्हिंडोलिनच्या जागी काही नाही. ४८ तास उजेड: आहे, लहान पण गोल, स्टँडर्डच्या रेषेत. व्हिंडोलिनच्या वर एक ठिपका अंधारात ठळक आहे आणि उजेडात फिका झालाय, तो कोण ते स्टँडर्ड आल्यावर. पेन्सिलने गोल करून ठेवलाय, शेजारी प्रश्नचिन्ह.

आजीच्या एकतीस पुड्यांतल्या चौदा आज उघडल्या. बिया मोजून नव्या डिश लावल्या, यावेळी उजेडाचे टप्पे ६, १२, २४ आणि ४८ तास. कपाटाची किल्ली मामांकडे.